ताप गेल्यावर काय राहतं

मॅडम,

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी कमला आली. मुनिरकाच्या गल्लीत इस्त्रीची टपरी चालवणारी आपली कमला. तिची तारीख होती. कार्ड तिनं नेहमीसारखं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, कारण रक्त द्यायच्या दिवशी उपाशी यायचं हे तुम्हीच तिला बजावून ठेवलं होतं. मी लॅबचं कुलूप काढत होतो. तुमच्या बंद खोलीकडे बघत तिनं विचारलं, "मैडम अभी नहीं आईं?"

मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं.  ती दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अब मेरे हाथ कौन देखेगा?"

रक्त कुणीही काढतं. हात तुम्हीच बघायचात. सुई टोचण्याआधी तिचं एकेक बोट हातात घेऊन, एकेक सांधा दाबून, तुमच्या त्या सातारी वळणाच्या हिंदीत विचारायचात, "इधर दुखता है? और इधर?" चिकुनगुनियाचा ताप आठवड्यात उतरतो, आता जे दुखतंय ते तुझ्या डोक्यात आहे, असं तिला नवऱ्यानं सांगितलं होतं, सासूनं सांगितलं होतं, दवाखान्यातल्या डॉक्टरनंही सांगितलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "दुखतंय म्हणते म्हणजे दुखतंय. का दुखतंय, ते शोधणं माझं काम."

तुमच्याबद्दल आता पुष्कळजण लिहितील. पदव्या, पुरस्कार, किती विद्यार्थी घडवले, कुठल्या समित्यांवर होतात. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तेच लिहायचंय जे तुम्ही जिवंत असताना मला बोलू दिलं नाहीत. आणि खरं सांगायचं तर मीही बोलायचा फार आग्रह धरला नाही.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा तिशीचा होतो. वडील नगरचे, सरकारी छापखान्यात नोकरीला म्हणून दिल्लीत आलेले. आम्ही भावंडं सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो, शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, मराठी फक्त घरात आणि चर्चमधल्या चार कुटुंबांत. मुलाखतीत तुम्ही अर्जावरचं नाव वाचलंत आणि एकदम मराठीत विचारलंत, "घरी मराठी बोलता का?"

"हाँ, बोलतो ना."

"हाँ नाही. हो."

शेजारी बसलेल्या दोघांना काही कळलं नाही. मला मात्र तेव्हाच कळलं की इथे काम करायचं तर नीट करावं लागणार. पुढे अठरा वर्षं तुम्ही माझी मराठी सुधारत राहिलात. मी "नळ्या सांभाळून ठेवल्यात" म्हणायच्या ऐवजी "नळ्या संभालून रखल्यात" म्हटलं की तुम्ही सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता ओरडायचात, "प्रभाकर!" आज हे लिहिताना प्रत्येक ओळीवर मला तो आवाज ऐकू येतोय.

ह्या आजाराच्या मागे तुम्ही का लागलात, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. पानिपतला गेलो होतो तेव्हा. संक्रांतीच्या सुमाराला तिथल्या काला अंबला, लढाईच्या स्मारकाशी, मराठी माणसं जमतात, "चला, तुम्हा दिल्लीकरांना दाखवते," म्हणून तुम्ही मला, माझ्या बायकोला रूथला आणि मुक्ताला गाडीत घातलंत. मुक्ता तेव्हा नवीन होती. नांदेडहून आलेली, मुनिरकात तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहणारी, हातमोजे घालूनसुद्धा वहीत सुंदर अक्षर काढणारी तुमची विद्यार्थिनी. थंडीत आपण स्मारकाच्या बाजूला गवतावर बसून रूथनं केलेला केक खाल्ला. कोल्हापूरहून आलेल्या एका आजोबांनी तुम्हाला विचारलं, "बाई, आपण काय करता?" तुम्ही म्हणालात, "ताप गेल्यावर काय राहतं, ते बघते."

आजोबांना वाटलं, चेष्टा करताय. ते हसून पुढे गेले. मग तुम्ही आम्हाला तुमच्या आईबद्दल सांगितलंत. तुमच्या लहानपणी गावात असाच ताप आला होता. सगळे उठले, आईही उठली, पण तिच्या हातांना भाकरी थापता येईना. वर्षभर येईना. घरातल्या बायका म्हणायच्या, कामाचा कंटाळा आहे, ढोंग करते. "माझी आई मरेपर्यंत स्वतःलाच विचारत राहिली," तुम्ही म्हणालात, "की मी खरंच ढोंग करत होते का गं?" मुक्तानं तुमचा हात धरला. तुम्ही तो सोडवून घेतला नाहीत. तुम्ही कुणाला हात धरू दिलेला मी तेवढा एकदाच बघितला.

मग त्या वर्षी पावसाळा संपता संपता अर्धी दिल्ली तापानं पडली. मुनिरकात घरटी एकजण आजारी होता. आपण गल्लीगल्लीत फिरून माणसं गोळा केली, पहिल्या आठवड्यातलं रक्त घेतलं, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं. विषाणू तर थोड्याच दिवसांत रक्तातून जातो. पण त्याच्याशी लढताना शरीरात जो दाह उठतो, तो काहींच्यात शमतच नाही, सांध्यांत धुमसत राहतो. कुणाच्यात शमणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात ओळखता येईल का, हा तुमचा प्रश्न होता. वर्षानंतर आपण पहिल्या आठवड्याच्या नळ्या दोन गटांत लावल्या, पूर्ण बरे झालेले आणि न झालेले. प्रत्येकाच्या त्याच रक्ताची एकेक जोड-नळी वरच्या मजल्यावरच्या फ्रीजरमध्ये ठेवली. ही सगळी मांडामांड मीच केली होती.

आता ती दुपार.

जून महिना होता. तुम्ही पुण्याला परिषदेला गेला होतात, मुक्ता गावी. बाराच्या सुमाराला लाइट गेली आणि जनरेटर चालू होईना. मी खालच्या फ्रीजरमधल्या पेट्या बर्फाच्या डब्यांत हलवायला लागलो. दोन पेट्या खिडकीखालच्या ओट्यावर ठेवल्या, जागा करून परत उचलतो म्हणून. तेवढ्यात जनरेटरवाला आला, त्याच्या मागे खाली गेलो, तिथे तास गेला, मग डबा खाल्ला. चार वाजता लाइट आली. मी लॅबमध्ये परत आलो तर त्या दोन पेट्या तिथेच. एक नळी उचलून हलवली. आत पाणी झालं होतं.

त्या पेट्या बरे झालेल्यांच्या होत्या. मी त्या परत फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, सर्व ठीक.

का लिहिलं, ह्याचं मी स्वतःला अनेक वेळा वेगवेगळं उत्तर दिलंय. नोकरी कंत्राटी होती, दर मार्चमध्ये सही व्हायची, मुलगी लहान होती. हे सगळं खरंच आहे. पण त्या क्षणी ह्यातलं काहीही मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की मॅडम ओरडतील. एका मोठ्या माणसानं शाळकरी मुलासारखं घाबरून लिहिलेले ते दोन शब्द होते.

पुढे मुक्तानं त्या नळ्या तपासल्या. न बरे झालेल्यांच्या रक्तात एक प्रथिन दुसऱ्या गटापेक्षा कितीतरी जास्त निघालं. जास्त निघणारच होतं, दुसऱ्या गटातलं वितळून खराब झालं होतं. पण ते फक्त मला माहीत होतं, आणि मला ते समजायला हवं होतं. मी स्वतःला सांगत राहिलो की चार तासांनी काय फरक पडतो. शोधनिबंध छापून आला. मुक्ताचं नाव पहिलं, प्रमुख म्हणून तुमचं शेवटचं. तुम्ही पेढे आणलेत. तो पेढा माझ्या घशाखाली उतरेना, आणि तुम्ही रूथला फोन करून सांगितलंत की तुझा नवरा गोड खात नाही, वजन कमी करतोय की काय.

वर्षभरानं मुक्तानंच पुढच्या कामासाठी वरच्या मजल्यावरच्या जोड-नळ्या काढल्या आणि तपासल्या. दोन गटांत काही फरक नव्हता. तिनं ते लपवलं नाही. कागद घेऊन सरळ तुमच्याकडे आली. आणि तुम्ही, मॅडम, सगळ्यांसमोर तिला विचारलंत, "पहिल्या वेळी तू नक्की काय केलं होतंस?"

तीन दिवस तुम्ही तिला विचारत राहिलात. वह्या, तारखा, यंत्राचे आकडे. तिसऱ्या दिवशी ती मागच्या जिन्यात बसून रडत होती. मला बघून डोळे पुसत म्हणाली, "प्रभाकरदादा, मी खरंच काही केलं नाही हो." मी म्हटलं, "चहा आणू?"

मी तिला चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या खोलीत येऊन मी सगळं सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि विचारलंत, "किती वेळ बाहेर होत्या?" मग विचारलंत, "रजिस्टरमध्ये का नाही लिहिलंस?"

"भ्यालो."

"मला?"

"हो."

तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. मग म्हणालात, "मी ओरडले असते. त्या नळ्या फेकून दिल्या असत्या. बस, एवढंच झालं असतं रे." आणि थोड्या वेळानं, "अजून कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"मग सांगू नकोस."

"मॅडम, मुक्ताला तरी..."

"मुक्ताला सांगितलं की सगळ्यांना कळेल. चौकशी बसली की त्यांना दाखवायला एक माणूस लागतो, आणि तू कंत्राटी आहेस. रूथला काय सांगशील? मुक्ता हुशार आहे, तरुण आहे. ती उभी राहील."

निबंध तुम्ही मागे घेतलात. पत्रात लिहिलंत, नमुने साठवण्यात चूक झाली, जबाबदारी पूर्णपणे माझी. मोठा प्रकल्प हातचा गेला. ज्या पदावर तुम्ही जाणार हे सगळे धरून चालले होते, तिथे दुसरं कुणी गेलं. तुम्ही एकदाही माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं नाहीत. मार्चमध्ये माझ्या कंत्राटावर सही केलीत आणि म्हणालात, "चलो, एक वर्ष झालं." तुमच्या मराठीत एखादा हिंदी शब्द यायचा तो अशाच वेळी, काहीतरी झाकायचं असलं की.

पण मॅडम, मागे घेतलेल्या निबंधाचं कारण कोण वाचतं? लोकांनी पहिलं नाव वाचलं. कँटीनमध्ये बोलणं सुरू झालं की मुलीनं आकडे बनवले, बाईंनी स्वतःवर घेतलं. मुक्ता टेबलाशी आली की बोलणं थांबायचं. प्रबंध अर्धा टाकून तिनं गुडगावला कंपनीत नोकरी धरली. शेवटच्या दिवशी ती तुमच्या खोलीत आली तेव्हा मी बर्फाचं भांडं घेऊन दारात उभा होतो.

"तुम्ही एकदा तरी म्हणाल असं वाटलं होतं, मुक्तानं काही केलेलं नाही म्हणून."

"मी पत्रात लिहिलंय."

"पत्रात माझं नाव नाही, मॅडम."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी भांडं घेऊन लॅबमध्ये गेलो.

त्यानंतर दर मार्चमध्ये मी तुमच्याशी तोच वाद घालायचो. म्हणायचो, आता सांगू द्या. तुम्ही म्हणायचात, विषय संपला. पहिल्या वर्षी मी अर्धा तास वाद घातला, नंतर दहा मिनिटं, आणि शेवटच्या दोन वर्षांत नुसतं "मॅडम, ते..." म्हणायचो. तुम्ही मान हलवायचात आणि मी सुटायचो. मनाई तुमची होती, पण सोय माझी होती. आज तुम्ही समोर नाही आहात म्हणून हे म्हणायची हिंमत करतो: तुम्ही चुकलात. मला वाचवायला तुम्ही स्वतःचं जे दिलंत ते तुमचं होतं. मुक्ताचं नाव तुमचं नव्हतं. तुमच्या आईचं दुखणं कुणी खरं मानलं नाही म्हणून तुम्ही आयुष्यभर झटलात, आणि तुमच्या समोर बसून एक मुलगी खरं सांगत होती, तेव्हा तुम्हाला ते माहीत असून तुम्ही गप्प राहिलात. हे तुम्हाला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. तुम्ही तिच्याबद्दल बोलणंच बंद केलंत, त्यावरून मला कळायचं.

आणि तरी मी कुणावर इतकं प्रेम केलं नाही, मॅडम. वडिलांवरही नाही.

आपण पुन्हा सुरुवात केली. पुन्हा मुनिरकाच्या गल्ल्या, पुन्हा सुया, पुन्हा वाट बघणं. कमला ह्याच फेरीत आली. चार वर्षं गेली. ह्या वेळचं उत्तर छोटं होतं. पहिल्या आठवड्यात काही ओळखता येत नाही. पण ज्यांचे सांधे दुखत राहतात, त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा महिनोन्‌महिने राहतात. मी विचारलं, "बस, इतकंच?" तुम्ही म्हणालात, "इतकंच. पण खरं आहे." छापायच्या आधी ते तुम्ही कमलाला सांगितलंत. "तुम्हारा दर्द सच्चा है. खून में दिखता है." ती पदरात तोंड घालून रडली आणि तुम्ही तिच्या शेजारी स्टुलावर नुसत्या बसून राहिलात.

मग तुमचं पोट दुखायला लागलं. ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, आणि सांगितलंत तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं फार उरलं नव्हतं. पुण्याहून तुमची भाची आली. रूथ रोज पेज करून द्यायची, मी मयूर विहारला तुमच्या घरी पोचवायचो. रूथ तुमच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना करते म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "देव मी मानत नाही, पण तिचा केक मानते. तिला म्हणावं, चालू ठेव." शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तुम्ही फारसं बोलत नव्हतात. मी पलंगाशी बसायचो. तुमची बोटं सुजली होती. सांधे दाबून बघावेसे वाटायचे, पण तसं करायचा धीर झाला नाही.

परवा तुमची शोकसभा झाली. संस्थेचा हॉल भरला होता. मुक्ता आली होती. मी तिला कळवलं नव्हतं, तिनं कुठूनतरी वाचलं असणार. केसांत थोडं पांढरं दिसत होतं. ती सगळ्यात मागे बसली. एक मोठे साहेब बोलायला उठले आणि तुमच्या मनाच्या मोठेपणाबद्दल सांगता सांगता म्हणाले की एका तरुण विद्यार्थिनीच्या हातून झालेली चूकही त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली. लोकांनी माना डोलावल्या.

मी उठलो. माईक माझ्यासाठी नव्हताच, मी जागेवरूनच बोललो, आणि हिंदीत बोललो, कारण सगळ्यांना कळायला हवं होतं. म्हटलं, ती चूक विद्यार्थिनीची नव्हती. नळ्या माझ्या हातून वितळल्या आणि मी ते लपवलं. मॅडमना माहीत होतं. मुक्ताला माहीत नव्हतं. तिनं तर चूक शोधून काढली होती.

 साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. मी खाली बसलो. दुसऱ्या दिवशी हेच सगळं लिहून, सही करून मी ऑफिसात दिलं. पुढे काय व्हायचं ते होवो. रूथला मी सभेच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "इतकी वर्षं तू गोड का खात नव्हतास, ते आता कळलं."

सभा संपल्यावर मुक्ता बाहेर व्हरांड्यात उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं मला दादा म्हटलं नाही.

"जिन्यात तुम्ही मला चहा आणून दिला होता," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

ती बागेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिवाळीत मॅडमचा फोन आला होता मला. मी उचलला नाही. मला वाटलं, आता कशाला." तिनं विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही म्हणाल्या का?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुम्ही तिची माफी मागितली होती, शेवटपर्यंत तिचं नाव घेत होतात, असं काहीही सांगता आलं असतं आणि तिला बरं वाटलं असतं. पण मी जे झालं तेच सांगितलं. जाण्याच्या चार दिवस आधी, दुपारी, डोळे न उघडता तुम्ही मला विचारलं होतंत, "मुक्ता आली का?" मी म्हटलं होतं, "येईल." आणि मी तिला फोन केला नव्हता. फोन केला असता तर ती विचारणार होती, आता का बोलावताय, आणि मग मला सगळं सांगावं लागलं असतं.

मुक्तानं ते ऐकून घेतलं. तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही, तो तिचा आहे. मला वाटलं ती ओरडेल, मला ते हवंही होतं.  पर्स खांद्याला लावून ती पायऱ्या उतरली आणि मेट्रोच्या दिशेनं चालायला लागली. दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.

मॅडम, मुक्ता आली होती. उशीर माझ्यामुळे झाला.